नाव कळले, पण पक्षी कळला का?

सुमारे शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधील अनेक कुटुंबे उन्हाळ्यात कॅटस्किल पर्वतात मुक्कामाला जात. वडील मंडळी आठवडाभर शहरात कामावर असत आणि शनिवार-रविवारी येऊन मुलांना रानात फिरायला नेत. अशाच एका सोमवारी खेळता खेळता एका मुलाने पक्षी दाखवून रिचर्ड फाइनमनला त्याचे नाव विचारले. रिचर्डला ते सांगता आले नाही. 'तुझे बाबा तुला काहीच शिकवत नाहीत,' असा टोमणा त्याला ऐकावा लागला.

वास्तविक त्याच्या बाबांनी तोच पक्षी आधी दाखवला होता. मेलविल फाइनमन यांचा व्यवसाय गणवेश विकण्याचा. त्यांचे म्हणणे असे, की पक्ष्याचे नाव दहा भाषांत पाठ केले तरी पक्ष्याबद्दल काहीच कळत नाही. त्यापेक्षा तो काय करतो ते पाहा. पक्षी सारखा चोचीने पिसे का टोकतो? उडताना पिसे विस्कटत असतील, असा अंदाज मुलाने बांधला. मग नुकताच उतरलेला पक्षी जास्त टोकायला हवा. दोघांनी निरीक्षण केले, तर तसा फरक दिसेना. मग बाबांनी पिसांतल्या उवांचे कारण सांगितले.

बाबांचा प्रत्येक तपशील बरोबर असेलच असे नाही, हे रिचर्डनेच पुढे मान्य केले. पक्षी पिसे साफ करतात, सारखी करतात आणि शेपटीजवळच्या ग्रंथीतील तेल पिसांना लावतात, हे आज ज्ञात आहे. मात्र अंदाज बांधायचा आणि तो पडताळून पाहायचा, ही सवय मुलाला लागली. १९६५ मध्ये त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. बाबांनी त्यासाठी कधी दडपण आणले नव्हते.

दडपणासारखाच आमिषाचाही प्रश्न आहे. 'पहिला नंबर आला तर सायकल' हा सौदा घरोघरी होतो. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्र काढण्याची आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना चित्राबद्दल प्रशस्तिपत्र देण्याचे आधीच कबूल केले होते, काहींना ते अचानक दिले, तर काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातील मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. अचानक मिळालेल्या बक्षिसाने मात्र आवड कमी झाली नाही. आवडीच्या कामाला मोबदल्याची अट जोडली, की ते मुलाला मोबदल्यापुरते वाटू लागते, असा याचा अर्थ लावला जातो.

फाइनमन कुटुंबाच्या कहाणीला दुसरी बाजूही आहे. रिचर्डची धाकटी बहीण जोन हिलाही शास्त्रज्ञ व्हायचे होते. बायकांचा मेंदू विज्ञानासाठी नसतो, असे आईने तिला सांगितले. ते तिच्या मनाला फार लागले. पण लहानपणी एका रात्री भावाने तिला झोपेतून उठवून आकाशातला ध्रुवीय प्रकाश दाखवला होता. चौदाव्या वर्षी त्यानेच दिलेल्या खगोलशास्त्राच्या पुस्तकात तिला सेसिलिया पेन या संशोधिकेचे नाव आढळले, आणि हे काम बायकाही करतात याचा पुरावा मिळाला. जोन पुढे खगोलभौतिकशास्त्रज्ञ झाल्या. संशोधनासाठी त्यांनी निवडलेल्या विषयांत तो ध्रुवीय प्रकाशही होता.

म्हणजे घरातल्या एका वाक्याने कुतूहल फुलते आणि एका वाक्याने कोमेजतेही. त्यासाठी पालकाने विद्वान असण्याची गरज नाही. मुलाने किंवा मुलीने 'असे का?' विचारले, की लगेच उत्तर देण्याऐवजी 'तुला काय वाटते?' असे विचारावे. उत्तर चुकले तरी हसू नये. 'चल, बघू या' म्हणून सोबत बसावे. आपल्यालाही माहीत नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे.