जावास्क्रिप्ट प्रकल्पांची टाइपस्क्रिप्टद्वारे प्रकार-तपासणी

जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेल्या आज्ञावलींतील मूल्यांचे प्रकार टाइपस्क्रिप्ट या तिच्या विस्तारित भाषेच्या तपासकाकडून तपासून घेता येतात. ही तपासणी आज्ञावली न चालवता, केवळ तिचा मजकूर वाचून होते. म्हणून तिला स्थिर प्रकार-तपासणी म्हणतात.

पार्श्वभूमी

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत असताना निर्माण केली. तिच्यात चलाचा प्रकार आधी सांगावा लागत नाही. लहान आज्ञावलीत हे सोयीचे असले, तरी मोठ्या प्रकल्पात अनेक चुका आज्ञावली चालू असतानाच उघड होतात. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट जाहीर केली. तिच्या २०१७ मधील २.३ या आवृत्तीपासून जावास्क्रिप्ट फाइलींतील प्रकारविषयक चुकाही दाखवल्या जाऊ लागल्या.

कार्यपद्धती

फाइलीच्या आरंभी '@टीएस-चेक' ही टिप्पणी लिहिल्यास तेवढ्या फाइलीची तपासणी होते. संपूर्ण प्रकल्पासाठी 'चेकजेएस' हा पर्याय असतो. प्रकारांची माहिती जेएसडॉक पद्धतीच्या टिप्पण्यांत देतात. जावास्क्रिप्ट टिप्पण्या वगळूनच आज्ञावली चालवत असल्याने मूळ मजकुराचे रूपांतर करावे लागत नाही.

उदाहरण

संकेतस्थळावरील अर्जाच्या रकान्यात १०० लिहिले, तरी ब्राउझर ते मूल्य संख्या म्हणून न देता अक्षरमाला म्हणून देतो. त्यात ५० मिळवल्यास उत्तर १५० न येता १००५० येते आणि चुकीची सूचनाही मिळत नाही. अशी जोडणी टाइपस्क्रिप्टही वैध मानते. मात्र बेरजेच्या फंक्शनवरील टिप्पणीत दोन्ही मूल्ये संख्या असल्याचे नोंदवले, तर त्यास अक्षरमाला देणारी ओळ तपासक दाखवून देतो.

उपयोग

जुन्या प्रकल्पात एकेक फाइल तपासणीखाली आणता येते. स्वेल्ट या प्रकल्पाने २०२३ मध्ये आपला अंतर्गत मजकूर टाइपस्क्रिप्टमधून जावास्क्रिप्टमध्ये आणला; प्रकार-तपासणी मात्र जेएसडॉक टिप्पण्यांच्या आधारे चालू ठेवली.

मर्यादा

टिप्पणीतील प्रकार आज्ञावली चालताना तपासला जात नाही. सर्व्हरकडून आलेली माहिती टिप्पणीत नोंदवल्याप्रमाणे नसेल, तर तपासकाला ते कळत नाही. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या माहितीची पडताळणी आज्ञावलीतच स्वतंत्रपणे करावी लागते. तसेच प्रकार योग्य असूनही हिशोबाची रीत चुकलेली असू शकते; अशा चुकांसाठी चाचण्या आवश्यक ठरतात.