तक्त्याआधी यादी

कार्यालयाचा अधिकार-तक्ता हाताने चौकटी ओढून काढला, की पहिल्याच बदलीनंतर तो खोटा ठरतो. म्हणून व्हिजिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ता काढण्याआधी एक्सेलमध्ये यादी करावी: प्रत्येक ओळीत एक कर्मचारी, त्याचा क्रमांक, नाव, पद आणि वरिष्ठाचा क्रमांक. सर्वोच्च अधिकाऱ्यापुढे वरिष्ठाचा रकाना रिकामा. एवढ्यावर सारी उतरंड सॉफ्टवेअर मांडते. वरिष्ठ नुसत्या नावाने नोंदवू नये. एकाच नावाचे दोघे निघाले, की माणसे भलत्याच साहेबाखाली जातात. दहा जणांच्या कचेरीला हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल; तिथे हातचा तक्ता खरोखर पुरतो. दोन वरिष्ठ असलेल्यांचा आक्षेप मात्र वजनदार आहे: त्या रकान्यात एकच वरिष्ठ मावतो, दुसरे नाते तुटक रेषेने वेगळे दाखवावे लागते. तरीही बदली झाली, की दुरुस्ती आधी यादीत करा, मग तक्त्यात.