ढगात वारा ओळखायचा कसा?

गोदावरी ओलांडताना नावाडी होडीचं तोंड समोरच्या घाटाकडे ठेवत नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो. विमानाचंही तसंच आहे. फरक एवढाच, की नावाड्याला घाट दिसतो. ढगात शिरलेल्या वैमानिकाला फक्त उपकरणं दिसतात, आणि जुन्या लहान विमानांत वारा दाखवणारा काटा नसतो. तो आकडा डोक्यातच काढावा लागतो.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. चिकलठाणा विमानतळ जालन्याच्या जवळजवळ सरळ पश्चिमेला, सुमारे 50 किलोमीटरवर, म्हणजे 27 सागरी मैलांवर आहे. तिथली धावपट्टी पूर्व-पश्चिम. समजा पावसाळा आहे, आपण जालन्यावरून 270 अंशांच्या मार्गाने, 120 नॉट वेगाने निघालो. वारा 240 अंशांकडून, 30 नॉट. म्हणजे डाव्या अंगाने, मार्गाशी 30 अंशांचा कोन करून येणारा.

आता घड्याळ आठवा. 15 मिनिटं म्हणजे पाव तास, 30 म्हणजे अर्धा, 45 म्हणजे पाऊण, 60 म्हणजे पूर्ण. कोनाचंही तसंच धरायचं. कोन 30, म्हणून आडवा वारा निम्मा, 15 नॉट. आपण मिनिटाला 2 मैल जातो. 15 भागिले 2, साडेसात. तेवढे अंश नाक डावीकडे. हेडिंग साधारण 262.

समोरून लागणारा वारा 26 नॉट. जमिनीवरचा वेग उरला 94. साडेतेरा मिनिटांचा रस्ता आता सतरा मिनिटांचा झाला. इंधनाचा हिशोब याच आकड्यावर करायचा.

वारा माहीतच नसेल तर? हेच गणित उलटं करा. 262 हेडिंगवर मार्गाचा काटा मध्यावर स्थिर राहतोय, म्हणजे 8 अंश गुणिले 2, आडवा वारा 16 नॉटच्या आसपास. वेग 26 नॉटने घटलाय, म्हणजे तेवढा समोरून. लहान आकडा मोठ्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, तेव्हा कोन 30 अंशांच्या जवळपास. मोठ्यात लहानाचा एक तृतीयांश मिळवा: 31 नॉट. झाला वारा तयार!

पण हा वारा खालपर्यंत तसाच राहत नाही. जमिनीजवळ तो बहुधा मंदावतो, म्हणून नाकाचा कोनही उतरता उतरता कमी करत आणायचा. समोरचा वारा एकदम पडला, तर हवेतला वेगही घटतो आणि विमान खचतं. तिथे हात इंजिनाच्या लिव्हरवर हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ढगातून बाहेर आल्यावर धावपट्टी नाकासमोर नसते! वारा डावीकडून, नाक डावीकडे, म्हणून पट्टी थोडी उजवीकडे दिसणार. हे ज्याने आधी ताडलंय तो बरोबर तिथेच बघतो आणि हेडिंग तसंच धरून ठेवतो. ज्याने ताडलं नाही तो घाईने नाक पट्टीकडे वळवतो, आणि वारा त्याला पट्टीच्या पलीकडे ढकलतो. जमीन 200 फुटांवर आलेली असताना ती चूक निस्तरायला वेळ नसतो. म्हणून वाऱ्याचं गणित ढगात असतानाच उरकायचं.