लिंबातली अंगठी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात दुपारी डबे उघडले, की भाकरी, शेंगाचटणी आणि लिंबाची फोड! त्याच लिंबातून तुमची अंगठी निघाली तर?

जादूगार अंगठी मागून घेतो, रुमालात गुंडाळतो. ‘चाचपून बघा ताई.’ हाताला लागते ती रुमालाच्या कडेत आधीच शिवलेली दुसरीच! खरी केव्हाच मुठीत गेलेली. ती देठापाशी भोक पाडलेल्या लिंबात गुपचूप सरकते.

मैत्रिणींनो, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या आपण. शिवणीतली खोड आपल्याला कळायलाच हवी ना? रंगमंचावर अंगठी परत मिळते, म्हणून ती करमणूक. दारात ‘दागिने दुप्पट करतो’ म्हणणाराही अशीच अदलाबदल करतो. पुडी उघडेपर्यंत तो पसार. चमत्काराच्या नावाने लुबाडणाऱ्यांविरुद्ध २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण आधी दागिना नजरेआड होऊ देऊ नका!