गवतातला ताप आणि मजुरांचा हक्क

२०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसने विदर्भात बळी घेतले. काही दिवस मथळे झळकले, मग सारे सामसूम. रोग मात्र गेला नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर अमरावती-अकोल्याच्या वावरांत निंदणाला, धुऱ्यावरचे गवत कापायला कोण जाते? आमच्याच मायबहिणी. म्हणून हा प्रश्न चळवळीचा आहे.

गोचिडाच्या जातकुळीतल्या माइट या सूक्ष्म जीवाची पिल्ले गवतात, झुडपांत आणि उंदरांच्या अंगावर असतात. ती चावली की रोगाचे जंतू शरीरात शिरतात. साधारण दहा दिवसांनी थंडी-ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. डेंग्यू, मलेरिया, टायफॉईड समजून उपचार चालतात. आठवडा वाया गेला की फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदूवर घाला येतो.

चावल्या जागी विडीच्या चटक्यासारखी काळी खपली, ही त्याची खूण. ती दुखत नाही. काखेत, जांघेत, कमरेला, छातीखाली असते. बाई संकोचाने दाखवत नाही, डॉक्टर विचारत नाहीत. सगळ्यांनाच खपली येते असेही नाही. म्हणून 'मी गवतात काम करते' हे डॉक्टरांना आधी सांगावे.

यावरचे औषध डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. वेळेत दिली तर माणूस वाचतो. म्हणजे या रोगात माणसे मरतात ती बहुतेकदा उशिरामुळे. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात दिला. कलम ४७ सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी राज्यावर टाकते. आम्ही भीक मागत नाही, संविधान दाखवतो आहोत. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे औषध आहे का, हे गावाने विचारलेच पाहिजे.

आपल्या हातातलेही करू या. लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाय झाकलेले. गवतावर बसू-निजू नये, कपडे वाळत घालू नयेत. घरी येताच अंग घासून आंघोळ, कपडे गरम पाण्यात. घराभोवतीची झुडपे काढावीत, उंदरांचा बंदोबस्त करावा.

रोगाचे हे महिने म्हणजेच आपला वर्षावास. विहाराविहारांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते, बाया वावरातून थेट तिथे येतात. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतः आंघोळ घातली होती. वाचनानंतर दहा मिनिटे या तापावर बोला, घरात कोणाला ताप आहे ते विचारा. एक जीव वाचला तरी वर्षावास सार्थकी लागेल.