बिल भरून राहणारा पाहुणा

आडबाजूच्या, निवांत जागी ओळख न देता राहायचं आणि मग त्या जागेबद्दल लिहायचं, हे माझं काम. ते ऐकल्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘मजा आहे तुमची, फुकटात फिरायला मिळतं.’ या कामाबद्दलचा हा सगळ्यात मोठा गैरसमज. बाकीचे बरेचसे यातूनच निघतात, म्हणून आधी त्याचंच बघू.

फुकट राहणारे पाहुणे असतात, पण ते वेगळे. हॉटेलं, रिसॉर्ट आणि पर्यटन मंडळं पत्रकारांना आणि इन्फ्लुएन्सरना आमंत्रण देऊन नेतात. अशा पाहुण्याला समुद्राकडची खोली मिळते, चादरी कोऱ्या असतात, मालक स्वतः वाढायला उभा राहतो. यात बेकायदा काही नाही. फक्त ते वाचकाला सांगायला हवं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात रोख पैशांबरोबर सहल आणि हॉटेलातला मुक्काम हेही लाभ म्हणून धरले आहेत, आणि ते ठळकपणे जाहीर करायला सांगितलं आहे. ओळख लपवून राहणारा मात्र खोलीचं भाडं, जेवणाचं बिल, गाडीखर्च सगळं चारचौघांसारखं भरतो आणि नंतर ते पैसे प्रकाशकाकडून घेतो. ब्रिटनमध्ये हिलरी रुबिनस्टाइन यांनी 1978 मध्ये सुरू केलेल्या ‘गुड हॉटेल गाइड’ची भूमिका हीच आहे: हॉटेलचा फुकट पाहुणचार घ्यायचा नाही.

प्रकाशकाने हात आखडता घेतला की या कामाचा पायाच हलतो. ‘लोन्ली प्लॅनेट’च्या कोलंबियावरच्या पुस्तकासाठी लिहिणारा टॉमस कोनस्टॅम 2008 मध्ये म्हणाला, की त्या कामासाठी आपण कोलंबियाला गेलोच नव्हतो, कारण मिळणाऱ्या पैशांत ते परवडणारं नव्हतं. त्याच्याकडून आम्हाला इतिहासाचा भाग हवा होता, त्यासाठी तिथे जायची गरज नव्हती, असं कंपनीचं उत्तर. वाद त्यांचा असो. पण लेखकाच्या प्रवासाचा खर्च कोण उचलतं, हे वाचकाने विचारलंच पाहिजे.

दुसरा गैरसमज वेषांतराचा. त्याला आधार आहे. रूथ रायशल 1993 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची रेस्टॉरंट समीक्षक झाली आणि टोप, चष्मे, वेगळी नावं घेऊन जेवायला जाऊ लागली. ‘ल सिर्क’ या बड्या रेस्टॉरंटमध्ये ती साधी बाई म्हणून गेली तेव्हा तिला ताटकळत ठेवलं, वाईट टेबल दिलं. समीक्षक म्हणून ओळखली गेली तेव्हा आदर तर वाढलाच, पण गोड पदार्थावरच्या रासबेरीसुद्धा आधीपेक्षा मोठ्या आल्या. तिने दोन्ही अनुभव शेजारीशेजारी छापले आणि रेस्टॉरंटचा चौथा तारा काढून घेतला. त्या रासबेरी मला या व्यवसायातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा वाटतात. ओळखीच्या पाहुण्याला जे ताटात मिळतं, ते वाचकाला मिळत नाही.

मुक्कामाच्या जागी मात्र असलं नाटक चालत नाही. आपल्याकडे हॉटेल असो की घरगुती मुक्काम, ओळखपत्र दाखवावं लागतं. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवायची असते. खोट्या नावाने राहणं हा सरळ गुन्हा होईल. म्हणून नाव खरं, पत्ता खरा, फक्त येण्याचं कारण सांगायचं नाही.

तेवढंही सोपं नसतं. शंभर खोल्यांच्या हॉटेलात तुमच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. कोकणातल्या चार खोल्यांच्या निवास-न्याहारीत मंगळवारी तुम्ही एकटेच पाहुणे असता. चहा ठेवता ठेवता काकू विचारतात, ‘तुमी खंयचे?’ मग माहेर, सासर, मुलं किती, करता काय. जेवणं होईपर्यंत दोघींच्या ओळखीचं एखादं घर निघतंच. अशा वेळी मी खोटं बोलत नाही. लिहिण्याचं काम करते, चार दिवस शांतता हवी होती, एवढंच सांगते. एकट्या बाईने जाणं तर आणखी डोळ्यांत येतं. आडबाजूचे बरेच लॉजवाले एकट्या माणसाला खोली द्यायला का-कू करतात. काही विपरीत घडलं तर पोलिसांचं झेंगट मागे लागेल, ही त्यांची भीती. त्यामुळे मी बहुतेक वेळा वहिनीला बरोबर घेते. दोघी जणी देवदर्शनाला आल्यात म्हटलं की प्रश्न कमी होतात, आणि देवळात आम्ही खरंच जातो. तरीही इतक्या लहान जागी ओळख पूर्ण झाकली जात नाही. टिकतं ते एकच: आरक्षण सर्वांसारखं केलेलं असतं आणि निघताना बिल पूर्ण भरलेलं असतं.

‘तुम्ही चुका काढायलाच जाता’ हा आरोप मला खरोखर लागतो. 1958 मध्ये ‘मोबिल ट्रॅव्हल गाइड’ म्हणून सुरू झालेल्या आजच्या ‘फोर्ब्स ट्रॅव्हल गाइड’चे निरीक्षक ओळख न देता राहतात आणि सुमारे 900 निकषांवर हॉटेल तपासतात. आलिशान हॉटेलांसाठी ते ठीक. कौलारू घराला ती फूटपट्टी लावणं अन्याय आहे. माझ्या वहीत काय असतं? बंबातलं पाणी साडेसातला कढत, नवानंतर कोमट. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा चालतो की फक्त दिवा. मच्छरदाणी आहे, पण खिळा एकाच बाजूला. ‘रस्त्यापासून पाच मिनिटं’ म्हणजे जांभ्याच्या उभ्या पायऱ्या, पावसात शेवाळलेल्या, धरायला कठडा नाही. हे शेवटचं टिपण चूक काढण्यासाठी नसतं. सत्तरीच्या आईला घेऊन निघालेल्या मुलाला ते घरातून निघण्याआधी कळायला हवं, नाहीतर तो पायथ्याशी तिला घेऊन उभा राहील.

दोष आणि निसर्गक्रम यांतला फरकही लिहिणाऱ्याला कळला पाहिजे. जुलैत येऊन ‘ताजा पापलेट मिळाला नाही’ म्हणून जागेला कमी गुण देणारे अभिप्राय मी वाचले आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. त्या दिवसांत जी बाई सुकटीची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी आणि सोलकढी वाढते, ती आपलं काम चोख करते आहे.

म्हणूनच परीक्षणात महिना लिहिलेला नसेल तर ते अर्धवट समजावं. ‘मिशलिन’चे निरीक्षक तारा देण्याआधी एकाच ठिकाणी अनेकदा जेवतात आणि निर्णय मिळून घेतात. तिथेही सगळं आलबेल होतं असं नाही. पास्काल रेमी या माजी निरीक्षकाने 2004 मध्ये, निरीक्षक फार थोडे असून सगळीकडे दरवर्षी जाणं होतच नाही, असं लिहिलं आणि कंपनीने ते नाकारलं. मराठी मासिकाच्या खर्चात दुर्गम जागी दोनदा जाणं क्वचित जमतं. ही या कामाची खरी मर्यादा आहे. एप्रिलमध्ये विहीर आटते की नाही, हे ऑगस्टमध्ये राहून कळत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारावं लागतं.

‘इंटरनेटवर इतके अभिप्राय असताना तुमची गरज काय?’ 2017 मध्ये ऊबा बटलर नावाच्या तरुणाने लंडनमधली आपली बागेतली शेड रेस्टॉरंट म्हणून ‘ट्रिपॲडव्हायझर’वर नोंदवली आणि मित्रांच्या खोट्या अभिप्रायांवर ती शहरात पहिल्या क्रमांकावर नेली. तिथे त्याआधी एकही पाहुणा जेवला नव्हता. फोटोतल्या पदार्थांत दाढीचा फेस होता. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक आणलं, पण सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवलं. चार खोल्यांच्या घराला एकूण दहा-बारा अभिप्राय असतात, त्यांतले निम्मे नातेवाइकांचे असले तरी ओळखू येत नाही. माझं नाव वाचकाला माहीत नसलं, तरी संपादकाला माहीत असतं आणि चूक झाली तर जाब तिथे विचारता येतो.

शेवटचा आक्षेप गैरसमज म्हणून उडवून लावता येत नाही: लिहिलं की जागेची शांतता जाते. पश्चिम घाटातल्या स्थळांबरोबर 2012 मध्ये कासच्या पठारालाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. फुलांच्या दिवसांत तिथे इतकी गर्दी लोटू लागली की दिवसाला 3,000 लोकांची मर्यादा घालून शुल्क आणि आरक्षण लावावं लागलं. लहान वाडीला असं आरक्षण लावायला कुणी येत नाही. त्यामुळे बिल भरून निघाल्यावर, छापायच्या आधी, मी मालकांना फोन करून खरं काय ते सांगते आणि दर, खोल्या, पाणी यांची माहिती पडताळून घेते. मत बदलत नाही, चुकीची माहिती बदलते. एका घराने तेव्हा विनंती केली, की वाडीचं नाव छापू नका, फक्त फोन नंबर द्या. म्हणजे न विचारता कुणी गाड्या घेऊन येणार नाही आणि विहिरीला झेपतील तेवढेच पाहुणे घेता येतील. आता असं सांगणाऱ्या प्रत्येक घरासाठी आम्ही तसंच छापतो.