ओळख पटवणारे दोघे

कुरुंदवाडच्या माणसाने जमिनीचा दस्त नोंदवायचा म्हटले, की कागद आणि मुद्रांकासोबत ओळख पटवणारे दोन इसमही हवेत, अशी जुनी रीत आहे. दस्त करून देणाऱ्याला आपण व्यक्तिशः ओळखतो, एवढेच ते दुय्यम निबंधकापुढे सांगतात. जमीन निर्वेध आहे की नाही, माणूस सज्जन आहे की लबाड, याची हमी ते घेत नाहीत. इथले पटवर्धनांचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि त्याचा शिक्का गेला. शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओळखणे मात्र कोणत्याच राजवटीवर अवलंबून नव्हते. संगणकाच्या जगात दुसऱ्याच्या किल्लीवर सही करणे म्हणजे हीच मर्यादित साक्ष. तिच्यासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरने कारकुनी वाचवावी, समोरासमोरची भेट वाचवू नये, असे माझे म्हणणे आहे.

किल्ल्यांच्या या व्यवस्थेत प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात. जाहीर किल्लीने बंद केलेला मजकूर फक्त त्याच माणसाच्या गुप्त किल्लीने उघडतो. प्रश्न एवढाच, की जाहीर किल्ली खरोखर त्याचीच कशावरून? फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ‘पीजीपी’ हे सॉफ्टवेअर आणले, त्यातून रुजलेले उत्तर असे: ओळखणाऱ्यांनी एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या कराव्यात. पुढे आलेल्या ‘जीएनयूपीजी’ या प्रोग्राममध्ये किल्लीचा ठसा, म्हणजे ती ओळखण्याची खूण, सहसा चाळीस अक्षरी असतो. तो कागदावरून वाचून दाखवायचा, ओळखपत्र पाहायचे आणि घरी जाऊन एकेका किल्लीवर सही करायची, हे काम कंटाळवाणे. ‘गनोम कीसाइन’ या प्रोग्राममध्ये एकाच्या पडद्यावरचा क्यूआर कोड दुसऱ्याचा कॅमेरा टिपतो आणि ठसा यंत्रच ताडून पाहते. ‘कॅफ’ हा प्रोग्राम सही पोचवण्याबाबत सावध आहे. किल्लीवर जितके ईमेल पत्ते, तितक्या सह्या तो वेगवेगळ्या करतो आणि प्रत्येक सही त्या-त्या पत्त्यावर कुलूपबंद पाठवतो. पत्ता आणि गुप्त किल्ली दोन्ही ज्याच्या हाती, त्यालाच ती मिळते.

यावर पहिला आक्षेप असा, की २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सह्यांची खात्री देणाऱ्या प्रमाणन संस्थांची सोय केली असताना शेजाऱ्याची साक्ष कशाला? सरकारी कामाला त्या संस्था हव्यातच. पण २०१४ च्या जुलैत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि त्या यंत्रणेची प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. सगळा विश्वास एका माथ्यावर ठेवला, की तिथली चूक सगळ्यांना भोवते. ‘जीएनयूपीजी’चा मूळ हिशेब वेगळा आहे: पूर्ण भरवशाच्या एकाची किंवा थोड्या भरवशाच्या तिघांची सही असली, तर किल्ली खरी धरावी.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. २०१९ मध्ये कुणीतरी काही नामवंतांच्या किल्ल्यांवर हजारो निरर्थक सह्या चिकटवल्या आणि त्या वापरणेच अशक्य केले. मात्र यातून कोलमडली ती कुणाचीही सही न विचारता स्वीकारणारी किल्ल्यांची सार्वजनिक कोठारे. सही आधी मालकाच्या हाती द्यावी, ही ‘कॅफ’ची शिस्त त्यामुळे उलट योग्यच ठरली. तिसरा आक्षेप रोजच्या वापरातला: व्हॉट्सॲप संदेश आपोआप सांकेतिक करतेच ना? करते, पण तिथे समोरच्याची किल्ली कंपनीच्याच सर्व्हरकडून मिळते. म्हणून तर त्यातही साठ आकडी सुरक्षा कोड आणि क्यूआर समोरासमोर ताडण्याची सोय ठेवलेली आहे.

खरी कमजोरी माणसाची आहे. २००६ मध्ये मेक्सिकोत झालेल्या ‘डेबियन’ या मुक्त संगणक प्रणालीच्या परिषदेत एकाने कोणत्याही देशाने न दिलेले ओळखपत्र दाखवले, तरी त्याच्या किल्लीवर अनेकांनी सह्या केल्या. क्यूआर कोड ठशातली चूक पकडतो, भिडस्तपणा पकडत नाही. पत्रकार, वकील किंवा गोपनीय कागद हाताळणारी लहान संस्था यांना या साधनाचा खरा उपयोग आहे. तिथे माणसे मुळातच एकमेकांना ओळखतात. बाकीच्यांनी निदान ज्यांच्याशी पैशाचे, औषधपाण्याचे बोलणे होते, त्यांचा सुरक्षा कोड पुढच्या भेटीत ताडून घ्यावा. आणि ज्याला ओळखत नाही त्याच्या किल्लीवर, दस्तावर करणार नाही तशीच, सही करू नये.